खासगी शाळांच्या शिष्यवृत्तीला देणगी आणि टॅक्स क्रेडिट: ॲरिझोनातल्या मराठी घरांचे नेहमीचे प्रश्न

फेब्रुवारी उजाडला, डब्ल्यू-टू (नोकरीतल्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला) हातात पडला की फोन सुरू होतात. "अहो, ते शाळेला पैसे दिले की टॅक्समधून सगळे परत मिळतात म्हणे, खरंय का?" फीनिक्स, चँडलर, गिल्बर्ट भागातल्या मराठी घरांतून गेली काही वर्षं हेच प्रश्न येत आहेत, म्हणून एकदाचे लिहून काढले. मी सीपीए, म्हणजे इथला सीए, नाही. स्वतःचं आणि चार मित्रांचं रिटर्न भरता भरता जे शिकलो ते इथे आहे. आकडे दर वर्षी महागाईप्रमाणे बदलतात. मी दिलेले ॲरिझोनाचे आकडे 2024 या करवर्षाचे आहेत, भरताना त्या वर्षाचे पाहून घ्या.

हे नक्की आहे तरी काय?

राज्याला जो आयकर तुम्ही देणं लागता, त्यातला काही भाग राज्याच्या तिजोरीत न भरता एका मान्यताप्राप्त संस्थेला द्यायचा. ती संस्था त्यातून खासगी शाळांत शिकणाऱ्या मुलांना शिष्यवृत्ती देते आणि जेवढे दिले तेवढे राज्य तुमच्या करातून वजा करतं. या संस्थांना ॲरिझोनात 'स्कूल ट्यूशन ऑर्गनायझेशन' म्हणतात, बोलताना एसटीओ. (लाल एसटीशी काही संबंध नाही, ही वेळेवर सुटते.) 1997 मध्ये ॲरिझोनाने हा कायदा केला. अमेरिकेत वैयक्तिक करदात्यांसाठीची अशी योजना त्याआधी कुठेच नव्हती. तेव्हा मर्यादा 500 डॉलर होती.

म्हणजे आपल्याकडचं 80जीच ना?

नाही. हा गैरसमज आधी काढून टाका, नाहीतर पुढचं सगळं चुकतं.

80जीमध्ये वजावट मिळते. वजावट तुमच्या *उत्पन्नातून* होते. समजा पुण्यातल्या एखाद्या संस्थेला 10,000 रुपये दिले आणि त्यावर 50 टक्के वजावट आहे, तर तुमचं करपात्र उत्पन्न 5,000 ने कमी झालं. तुम्ही 30 टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर कर वाचला 1,500 रुपये, वर सेसचे थोडे. बाकीचे साडेआठ हजार तुमच्याच खिशातून गेले. नवी कररचना निवडली असेल तर तेही नाही.

क्रेडिट थेट *करातून* वजा होतं. 1,000 डॉलर दिले, 1,000 डॉलर कर कमी. खिशातून शेवटी गेले शून्य. पहिल्यांदा ऐकल्यावर मलाही वाटलं होतं की यात कुठेतरी बारीक अक्षरात काहीतरी असणार. बारीक अक्षरं आहेत, पण या हिशेबात नाहीत.

शाळेला "डोनेशन" म्हटलं की धस्स होतं. हे तसलं काही नाही ना?

आपल्याकडे या शब्दाची पार वाट लागली आहे. 'देणगी' म्हणजे मंदिराच्या पावती पुस्तकातली, आणि 'डोनेशन' म्हणजे ॲडमिशनच्या खिडकीमागे, पावतीशिवाय. महाराष्ट्राने 1987 मध्ये कॅपिटेशन फी बंदीचा कायदा केला तरी शब्दाचा वास गेला नाही.

इथली रक्कम शाळेला जातच नाही, एसटीओला जाते. प्रवेशाशी तिचा संबंध नाही. पावती मिळते आणि ती जपून ठेवायची असते. शाळेने प्रवेश देताना "अमुक एसटीओला इतके भरा" अशी अट घातली तर ती देणगी नव्हे. त्या शाळेपासून चार हात लांब राहा.

किती देता येतात?

दोन क्रेडिट आहेत आणि ती एकापाठोपाठ एक अशीच वापरायची. पहिलं मूळ क्रेडिट: 2024 साठी एकट्याला 731 डॉलर, नवरा-बायको एकत्र रिटर्न भरत असतील तर 1,459. ते पूर्ण भरलं तरच दुसरं, 2012 मध्ये आलेलं, ज्याला इथे 'प्लस', 'ओव्हरफ्लो' किंवा 'स्विचर' म्हणतात: 728 आणि 1,451. दोन्ही मिळून जोडप्याला 2,910 डॉलर.

फॉर्म वेगवेगळे. मूळ क्रेडिटला 323, प्लसला 348, आणि सगळ्यांची बेरीज 301 वर. सॉफ्टवेअर हे आपोआप करतं, पण तुम्ही सगळी रक्कम एकाच खान्यात टाकली तर ते बिचारं मर्यादेपुरतीच धरतं आणि उरलेली तशीच सोडून देतं. एका मित्राचे चौदाशे डॉलर असे वर्षभर लटकले होते.

15 एप्रिलपर्यंत दिलेली रक्कम मागच्या वर्षात धरता येते. म्हणजे रिटर्न जवळपास पूर्ण करायचं, कर किती निघतो ते पाहायचं, मग तेवढीच देणगी द्यायची आणि रिटर्न पाठवायचं. डिसेंबरमध्ये अंदाजपंचे देण्यापेक्षा हे कधीही बरं.

माझा राज्याचा कर तेवढा होतच नसेल तर?

तर जेवढा होतो तेवढंच क्रेडिट. उरलेलं रोख हातात मिळत नाही, पुढच्या पाच वर्षांपर्यंत ओढता येतं.

2023 पासून ॲरिझोनाचा आयकर सगळ्यांना सरसकट 2.5 टक्के आहे. म्हणजे 2,910 डॉलरचं क्रेडिट पूर्ण जिरवायला करपात्र उत्पन्न 1,16,400 डॉलर लागतं. दोघं इंटेलमध्ये असाल तर प्रश्नच नाही. एकट्याच्या पगारावर चार माणसांचं घर असेल तर आकडा तपासा. आणखी एक: दर कमी असल्याने क्रेडिटची मर्यादा अनेकांच्या करापेक्षा मोठी ठरते, म्हणून एसटीओला दिलं की दुसऱ्या क्रेडिटला जागा उरत नाही. दुसरी क्रेडिट आहेत, आणि त्यांच्याबद्दल कुणी फोन करत नाही. शेवटाकडे बोलू.

रिफंड यायचा असेल तर? तरी चालतं. पगारातून राज्याचा कर आधीच कापलेला असतो, तुम्ही देणगी दिली की रिफंड तेवढ्याने वाढतो. फक्त मधले काही आठवडे पैसे तुमच्या खिशातून बाहेर असतात.

मग माझ्या खिशातून काहीच गेलं नाही, तर ही देणगी कसली?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. माझ्या मते पहिला हाच विचारायला हवा.

मराठीत याला नेमका वाक्प्रचार आहे: हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. घर हलवायाचं, तुळशीपत्र ठेवून दान आपण करतोय. शंभर टक्के क्रेडिट मिळतं तेव्हा तुमचं योगदान एवढंच, की राज्याच्या तिजोरीकडे जाणारा पाट तुम्ही दुसरीकडे वळवलात. त्या पाण्यातून रस्ते, तुरुंग, सरकारी शाळा चालणार होत्या. आता ते खासगी शाळेच्या फीमध्ये गेलं. ते चांगलं की वाईट, यावर इथली माणसं पंचवीस-तीस वर्षं भांडताहेत. पण देणारा म्हणून छाती फुगवण्यासारखं त्यात काही नाही. एसटीओकडून "तुमच्या औदार्याबद्दल आभार" असं पत्र येतं ते मी फ्रिजवर लावत नाही.

कोर्टाने याला परवानगी कशी दिली? इथे सरकारी पैसा धर्माला देता येत नाही ना?

सगळा खेळ "पैसा कुणाचा" या एका प्रश्नावर आहे. थोडं सविस्तर सांगतो, कारण गोष्ट रंजक आहे.

ॲरिझोनाच्या राज्यघटनेत साफ लिहिलं आहे की सार्वजनिक पैसा धार्मिक किंवा खासगी शाळांच्या मदतीला वापरायचा नाही. राज्याने स्वतः पालकांना चेक देऊन पाहिला, म्हणजे व्हाउचर, आणि 2009 मध्ये केन विरुद्ध हॉर्न खटल्यात ॲरिझोनाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती योजना याच कलमावर रद्द केली. पण त्याच न्यायालयाने दहा वर्षं आधी, 1999 मध्ये, कॉटरमन विरुद्ध किलियन खटल्यात टॅक्स क्रेडिट मात्र 3 विरुद्ध 2 अशा मतांनी टिकवलं होतं. कारण काय? जो पैसा तिजोरीत आलाच नाही, तो सार्वजनिक कसा म्हणायचा?

विरोधकांनी केंद्रीय न्यायालयात दावा 2000 साली लावला. तो दोनदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. 2004 मध्ये एवढंच ठरलं की दावा ऐकता येईल. एप्रिल 2011 मध्ये 5 विरुद्ध 4 मतांनी ठरलं की दावा लावणाऱ्या करदात्यांना तो लावण्याचा अधिकारच नाही. न्यायमूर्ती केनेडींचं म्हणणं कॉटरमनच्याच वळणाचं: देणगीदाराने स्वतःचा पैसा दिला, सरकारने तुमच्याकडून घेऊन दिला नाही, मग तुमचं नुकसान काय झालं? न्यायमूर्ती एलेना केगन तेव्हा न्यायालयात नव्या होत्या. त्यांनी कडक विरोधी निकालपत्र लिहिलं: सरकारने रोख अनुदान दिलं काय किंवा ठराविक कामासाठी कर सोडला काय, तिजोरीवरचा परिणाम एकच.

म्हणजे अकरा वर्षं चाललेल्या खटल्यात योजना घटनेला धरून आहे की नाही, यावर शेवटी निकाल झालाच नाही. तुळशीपत्र हलवायाच्या घरावर आहे की आपल्याच, हे ठरवण्याआधीच शेजाऱ्याला सांगितलं, तुम्हाला बोलायचा अधिकार नाही. मला व्यक्तिशः केगन यांचा हिशेब पटतो. माझं क्रेडिट घेणं मात्र त्यामुळे थांबलेलं नाही, हेही कबूल.

बहुतेक शाळा चर्चच्याच असतात का?

मोठा वाटा कॅथलिक आणि इतर ख्रिस्ती शाळांचाच. ज्यू शाळा आहेत, इस्लामी शाळा आहेत, धर्माशी संबंध नसलेल्या शाळाही आहेत. काही एसटीओ एका पंथाच्या शाळांपुरतंच काम करतात, काही सगळ्यांसाठी. पैसे कुठे जातात याची फिकीर असेल तर एसटीओ निवडतानाच पाहा. यादी ॲरिझोनाच्या महसूल खात्याच्या संकेतस्थळावर आहे. एसटीओला एकाच शाळेपुरतं काम करता येत नाही, किमान दोन शाळांची मुलं हवीत.

याच मुद्द्यावर मोंटानात मोठं रामायण झालं. 2015 मध्ये तिथे फक्त 150 डॉलरचं क्रेडिट आलं. आपल्याकडच्या दोघांच्या जेवणाएवढं. पण महसूल खात्याने नियम केला की शिष्यवृत्ती धार्मिक शाळेत चालणार नाही, कारण राज्यघटना. केंड्रा एस्पिनोझा आणि आणखी दोन आया कोर्टात गेल्या. 2018 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने, कुणालाच नको म्हणून, आख्खी योजनाच बंद केली. 30 जून 2020 ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल 5 विरुद्ध 4 ने फिरवला. मुख्य न्यायमूर्ती रॉबर्ट्स यांच्या निकालाचा सार असा की राज्याने खासगी शिक्षणाला मदत केलीच पाहिजे असं नाही, पण एकदा करायची ठरवली की केवळ धार्मिक आहे म्हणून शाळेला वगळता येणार नाही. दीडशे डॉलरच्या क्रेडिटवरून निघालेल्या या निकालाने कितीतरी राज्यांच्या घटनांमधली एकोणिसाव्या शतकापासूनची कलमं दुबळी केली.

मी माझ्याच मुलाच्या फीसाठी देऊ शकतो का?

नाही.

मग तुम्ही आमच्या मुलीसाठी द्या, आम्ही तुमच्या मुलासाठी देतो?

हे गणपतीच्या मांडवात, पुलावाची ताटं हातात असताना, कुणीतरी दर वर्षी सुचवतंच. आपल्याला भिशीची सवय. पण ही भिशी बेकायदेशीर आहे. ॲरिझोनाच्या कायद्यात शब्द स्पष्ट आहेत: एकमेकांच्या मुलांसाठी अदलाबदलीने देणग्या द्यायचं ठरवलं तर क्रेडिट मिळत नाही. एसटीओच्या फॉर्मवरही हा इशारा छापलेला असतो. "कुणाला कळणार आहे?" असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो, की आपल्यातले निम्मे लोक ग्रीन कार्डच्या रांगेत आहेत. चौदाशे डॉलरसाठी रिटर्नवर खोटं लिहू नका.

चालतं ते असं: आजी-आजोबा, काका-मामा, शेजारी एखाद्या मुलाचं नाव *सुचवू* शकतात, जर ते मूल त्यांच्या रिटर्नवर अवलंबित म्हणून नसेल. पण संस्था केवळ शिफारशीवर शिष्यवृत्ती देऊ शकत नाही. आजोबांनी 1,459 दिले म्हणून नातवाला 1,459 मिळतीलच अशी हमी कुणी देत असेल तर ती संस्था नियम मोडते आहे.

शिष्यवृत्ती गरिबांनाच मिळते ना?

असं वाटतं खरं, पण नाही.

मूळ क्रेडिटच्या पैशाला उत्पन्नाची मर्यादा नाही. संस्थेने गरजेचा विचार करायचा असतो, पण अमुक उत्पन्नाच्या वर नको अशी रेघ नाही. प्लसचा पैसा सरकारी शाळेतून खासगीत आलेली मुलं, बालवाडीत पाऊल टाकणारी, सैनिकांची, अपंग मुलं अशा ठराविक गटांना. उत्पन्नाची खरी अट आहे ती 2006 मध्ये सुरू झालेल्या कंपन्यांच्या क्रेडिटला: सवलतीच्या शालेय जेवणासाठी जी उत्पन्नमर्यादा असते तिच्या 185 टक्क्यांपर्यंत. म्हणजे तीही काही अगदी हातावर पोट असलेल्यांची नव्हे.

2009 मध्ये ईस्ट व्हॅली ट्रिब्यून या स्थानिक वृत्तपत्राने लेखमालाच चालवली आणि सुस्थितीतल्या घरांची मुलं, आपापसात ठरवून दिलेल्या देणग्या, संस्थाचालकांचे पगार हे सगळं चव्हाट्यावर आणलं. वर सांगितलेले बरेच निर्बंध त्यानंतर कडक झाले. संस्थेने जमा रकमेच्या किमान 90 टक्के शिष्यवृत्तीला द्यायचेच. उरलेले 10 टक्के चालवण्याचा खर्च. मोठ्या संस्थेचे 10 टक्के किती होतात, हे तुम्हीच गुणून पाहा.

आम्हाला ईएसए मिळतं. एसटीओची शिष्यवृत्तीही घेता येईल?

एका वेळी एकच. ईएसए म्हणजे राज्य थेट पालकांच्या खात्यात शिक्षणासाठी टाकतं तो पैसा. 2022 पासून तो ॲरिझोनातल्या सगळ्या मुलांना खुला झाला. साधारण मुलाला वर्षाला सात हजार डॉलरच्या आसपास, त्यामुळे बहुतेक घरांना तोच सोयीचा. ईएसए घेता म्हणून देणगी देऊन क्रेडिट घ्यायला मात्र आडकाठी नाही.

आमची मुलं बेसिसला आहेत. ती खासगीच ना?

नाही हो. बेसिसच्या बहुतेक शाखा चार्टर आहेत, आणि चार्टर म्हणजे सरकारी पैशावर चालणारी, फी नसलेली सार्वजनिक शाळा. आपल्याकडच्या अनुदानित शाळेची चुलत बहीण म्हणा. तिथे एसटीओची शिष्यवृत्ती लागू नाही, गरजही नाही.

पण तुमच्यासाठी वेगळं क्रेडिट आहे: सार्वजनिक आणि चार्टर शाळांच्या अभ्यासेतर कामांसाठी एकट्याला 200, जोडप्याला 400 डॉलर, फॉर्म 322. रोबोटिक्स, बँड, सहल. आणि इथे गंमत अशी की स्वतःच्या मुलाच्या सहलीची फी भरलीत तरी चालते. ज्यांची मुलं चार्टरमध्ये आहेत अशा किती घरांनी हे कधीच घेतलेलं नाही, ते पाहून मी थक्क होतो.

केंद्राच्या रिटर्नमध्येही वजावट घेता येईल?

आता नाही. पूर्वी घेत होते. राज्याकडून शंभर टक्के परत, वर केंद्राकडून धर्मादाय वजावट, म्हणजे काही श्रीमंतांना *देऊन नफा* होत होता. 2017 च्या करसुधारणेत राज्य आणि स्थानिक करांच्या वजावटीवर 10,000 डॉलरची मर्यादा आली, तेव्हा न्यूयॉर्क, न्यू जर्सीसारख्या राज्यांनी तिला वळसा घालायला असेच धर्मादाय निधी काढले. आयआरएसने, म्हणजे केंद्राच्या आयकर खात्याने, ती पळवाट बुजवली आणि सुक्याबरोबर ओलं जळावं तसे ॲरिझोनाचे देणगीदारही त्यात आले. 27 ऑगस्ट 2018 नंतर दिलेल्या रकमेतून मिळालेलं राज्याचं क्रेडिट वजा करूनच केंद्राची वजावट धरतात. क्रेडिट शंभर टक्के, म्हणून वजावट शून्य. जे आयटमाइझ करतात (ठोक वजावटीऐवजी एकेक खर्च दाखवून वजावट घेतात) आणि ज्यांची राज्य-कराच्या वजावटीची मर्यादा भरलेली नाही, त्यांना ही रक्कम राज्याचा कर भरल्यासारखी तिथे दाखवता येते.

आता केंद्र सरकारच क्रेडिट देणार म्हणतात, ते काय?

4 जुलै 2025 ला सही झालेल्या मोठ्या करकायद्यात हे आलं. 1 जानेवारी 2027 पासून कुठलाही वैयक्तिक करदाता शिष्यवृत्ती देणाऱ्या मान्य संस्थेला रोख देणगी देऊन केंद्राच्या करातून 1,700 डॉलरपर्यंत क्रेडिट घेऊ शकेल. डॉलरला डॉलर. कर कमी पडला तर पाच वर्षं पुढे.

ॲरिझोनापेक्षा नियम थोडे वेगळे आहेत, ते लक्षात ठेवण्यासारखे. मुलाच्या घराचं उत्पन्न त्या भागाच्या मध्यम उत्पन्नाच्या 300 टक्क्यांपर्यंत चालेल, म्हणजे जवळजवळ सगळेच आत. देणगीदाराला कुठल्याही एका मुलासाठी रक्कम राखून ठेवता येणार नाही, आणि आजोबांची शिफारसही इथे कामाची नाही. संस्थेने एकाच शाळेतली नसलेली किमान 10 मुलं घ्यायची आणि उत्पन्नाचे 90 टक्के वाटायचे. शिष्यवृत्ती फीपुरती नाही: शिकवणी, पुस्तकं, गणवेश, संगणक, येण्याजाण्याचा खर्चही बसतो, त्यामुळे सरकारी शाळेतल्या मुलालाही मिळू शकते.

दोन अडथळे. राज्याने सामील व्हायचं ठरवलं पाहिजे आणि आपल्या संस्थांची यादी केंद्राला दिली पाहिजे. आणि त्याच वर्षी अशा देणगीवर राज्याचं जे क्रेडिट घेतलं असेल, तेवढं केंद्राचं कमी होतं. म्हणजे इकडूनही आणि तिकडूनही, हे जमणार नाही. ॲरिझोनात दोन्ही क्रेडिट पूर्ण घेणाऱ्या जोडप्याला 2,910 मिळतात, त्यांचे केंद्राचे 1,700 तिथेच संपले.

माझी बहीण अटलांटाला, मेहुणा शिकागोला. त्यांना?

जॉर्जियात 2008 पासून आहे, पण पद्धत उलटी. आधी महसूल खात्याकडे मंजुरी मागायची, मग 60 दिवसांत पैसे द्यायचे. राज्यभरासाठी वर्षाची एकूण मर्यादा 12 कोटी डॉलर आहे, म्हणून अर्ज जानेवारीतल्या कामकाजाच्या पहिल्याच दिवशी. जोडप्याला 5,000 डॉलरपर्यंत.

शिकागोच्या मेहुण्यांना सांगा, उशीर झाला. इलिनॉयने 2017 मध्ये 75 टक्क्यांचं क्रेडिट आणलं होतं. विधिमंडळाने मुदत वाढवली नाही आणि 2023 च्या अखेरीस ते संपलं. पेनसिल्व्हेनियात 2001 पासून आहे, पण ते मुळात व्यवसायांसाठी. एका वर्षाला 75 टक्के, दोन वर्षांची हमी दिली तर 90. न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, टेक्सासमध्ये राज्याचं असं क्रेडिट नाही. टेक्सासला तर वैयक्तिक आयकरच नाही, वजा कशातून करणार?

मी एच-वन-बीवर आहे. चालेल?

ॲरिझोनाचा आयकर भरता ना? मग चालेल. व्हिसाचा प्रश्न नाही. केंद्राच्या नव्या क्रेडिटला नागरिक किंवा कराच्या दृष्टीने रहिवासी असावं लागतं, आणि वर्षभर इथे नोकरी करणारा एच-वनवाला रहिवासीच धरला जातो. एफ-वनवरची विद्यार्थी मंडळी पहिली पाच कॅलेंडर वर्षं अनिवासी असतात, त्यांना नाही.

गावच्या शाळेला दिले तर इथे क्रेडिट मिळेल?

साताऱ्याच्या शाळेला थेट दिलेत तर क्रेडिट नाही, वजावटही नाही. अमेरिकेत नोंदलेल्या धर्मादाय संस्थेमार्फत दिलेत तर केंद्राची वजावट, बस्स.

यावरूनच कुणीतरी विचारलं होतं, भारतात असं काही का नाही? आहे, पण वेगळ्या वाटेने. शिक्षण हक्क कायदा, 2009, कलम 12(1)(क): खासगी शाळांनी पहिलीच्या 25 टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांसाठी ठेवायच्या आणि त्यांची फी सरकारने भरून द्यायची. तिथे देणगीदाराचा बुरखा नाही, पैसा उघड सरकारचा आहे. महाराष्ट्रात दुर्बल घटकासाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 1 लाख रुपये, म्हणजे ॲरिझोनाच्या उलट टोक. सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला यातून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात ती स्थगित केली आणि जुलैमध्ये रद्द केली.

तुम्ही स्वतः कुठे देता?

विचारलंत म्हणून सांगतो. आधी फॉर्म 321: गरजूंसाठी काम करणाऱ्या पात्र संस्था, 2024 ला जोडप्याला 938 डॉलर. आम्ही फीनिक्सच्या सेंट मेरीज फूड बँकेला देतो. 1967 ची, जगातली पहिली फूड बँक तीच. मग फॉर्म 352, फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे आईबापांऐवजी दुसऱ्या घरी सांभाळल्या जाणाऱ्या मुलांसाठी, 1,173. मग शाळेचे 400. एवढं झाल्यावर कर उरलाच तर एसटीओ, धर्माशी संबंध नसलेली. ही सगळी क्रेडिट डॉलरला डॉलरच आहेत. हलवायाचंच घर आहे, तर निदान तुळशीपत्र कुठे ठेवायचं ते तरी आपण ठरवावं. बायकोचं मत आहे की एसटीओ आधी आणि बाकीचं नंतर, कारण तिच्या मैत्रिणीची दोन मुलं त्या शिष्यवृत्तीवर शिकली. या वर्षी निम्मं-निम्मं केलं.

रविवारच्या आपल्या मराठी शाळेला एसटीओकडून काही मिळू शकेल?

नाही. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अभ्यासक्रमाची असो वा इथल्या मराठी मंडळाने स्वतः चालवलेली, आठवड्याला दोन तासांचा वर्ग कायद्याच्या नजरेत खासगी शाळा नाही. तिला दिलेली देणगी म्हणजे साधी धर्मादाय देणगी, तीही मंडळ 501(सी)(3), म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्था, म्हणून नोंदलेलं असेल तर. मात्र 2026 पासून एक चांगलं झालं आहे: आयटमाइझ न करणाऱ्यांनाही एकट्याला 1,000 आणि जोडप्याला 2,000 डॉलरपर्यंत रोख देणगीची वजावट मिळते. 22 टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर शंभर डॉलरमागे बावीस परत, अठ्ठ्याहत्तर तुमचे. पावती खजिनदारांकडे मागून घ्या, ते स्वतःहून पाठवत नाहीत.